तोतया कोण?

कराडच्या हेमलताबाई डांगे भाजी निवडत होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडून करडा आवाज आला, "पोलीस अधिकारी बोलतोय. एक बाई तुमचं नाव सांगून लोकांना फसवतेय. आत्ता तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तो सांगा. नाहीतर तुम्हालाच अटक होईल!"

बाईंनी मेसेज उघडला. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं त्यातच लिहिलं होतं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ती तोतया बाई मीच. या पकडायला, पत्ता देते."

साहेब गडबडले. "अहो, पण तुम्ही तर हेमलता डांगे ना?"

"तसं मी सगळ्यांनाच सांगते," बाई म्हणाल्या, "तुम्ही पोलीस असल्याचं सांगता ना, तसंच!"

फोन कट झाला.