भुऱ्याचे कान आणि सोमिलाची बोलणी

पूर्वी गोदावरीच्या काठी अश्मक देशात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी गाढवाच्या जन्माला आला. राजाचे या कथेत काही काम नाही, म्हणून त्याचे नाव सांगत बसत नाही. बोधिसत्त्व गाढव कसा होईल, असे म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर खुशाल मुरडावे. हरिण होणे त्या मानाने सोपे. हरणाला अरण्य असते, गाढवाला मालक असतो.

मालकाचे नाव सोमिल, गाव एरंडखेट. सोमिलाच्या बोटांत कला होती. त्याच्या रांजणातले पाणी भर वैशाखात दात शिवशिवतील इतके गार राही. पण बोलणी करायची वेळ आली की त्याच्याइतका अडाणी माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. समोरच्याने तोंड उघडण्याआधीच तो सगळे देऊन मोकळा होई. नाहीतर उगाच भडके, मग भडकल्याची लाज वाटून सगळे देऊन मोकळा होई. तेल्याने घागर नुसती हातात घेतली, तर सोमिलच म्हणे, "गळ्याशी जराशी वाकडी आहे बघा." ती वाकडी नसेच. पण वाकडी म्हटल्यावर अर्ध्या धान्यात द्यायची, वर झाकण द्यायचे आणि झाकणाबरोबर एक पणतीही द्यायची.

त्याची बायको नंदा दिवसभर लाकडी थापटीने मडकी थापून हात सुजवून घेई. एकदा सहा रांजणांच्या बदल्यात सोमिल एक कोंबडा घेऊन आला. कोंबडा आरवत नव्हता.

"अहो, निदान आरवतो का, एवढं तरी विचारायचं!" नंदा म्हणाली.

"विचारलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं," सोमिल म्हणाला.

नंदाने कपाळाला हात लावला आणि ती पुन्हा थापायला बसली.

गाढवाला घरात भुऱ्या म्हणत. बारा वर्षे भुऱ्याने हे सारे पाहिले. तो मडकी वाहून नेई, बदल्यात मिळालेला भंगार माल वाहून आणी, आणि त्याची लीदही मातीत कालवली जाई, म्हणजे त्या मडक्यांत तो दोन्हीकडून होता. संध्याकाळी चरायला सोडताना सोमिल त्याचे पुढचे दोन्ही पाय दोरीने जवळजवळ बांधी, लांब जाऊ नये म्हणून. सगळेच कुंभार बांधतात. भुऱ्या उड्या मारत मारत चार घास खाई. बोधिसत्त्व असल्यामुळे तो रागावत नसे, असे मोठ्या मनाचे लोक सांगतात. मला विचाराल तर तो पुष्कळ रागावत असे, फक्त लाथ मारत नसे.

एके दिवशी बाजारात सोमिलाने दहा घागरी अर्ध्या टोपलीभर ज्वारीला देऊन टाकल्या, आणि गिऱ्हाइकाने मागितले नसताना त्या त्याच्या घरी पोचवतो म्हणून सांगितले. घर दोन कोसांवर होते. परत येताना भुऱ्या वाटेतच उभा राहिला आणि म्हणाला, "धनी, पुरे झालं."

सोमिल घाबरला, मग त्याने नीट पाहिले. "भुऱ्या, तू बोलतोस?"

"बोलतो."

"मग बारा वर्षं गप्प का होतास?"

"तुम्ही कधी काही विचारलंच नाही. आज मात्र राहवेना. मला सांगा, गिऱ्हाईक मडकं घेताना टिचकी का मारतं?"

"आवाजावरून कळतं. आतून चीर असली तर मडकं बद्द वाजतं."

"तसा माणसाचा आवाज आधी ऐकावा. त्याला काय हवं, कशाला हवं, ते विचारावं. विचारलं की मग गप्प बसावं. त्याचं उत्तर संपायच्या आत काहीही देऊ करू नये. आणि सौदा ठरला की उठावं. एवढं जमेल?"

"यात काय अवघड आहे?" सोमिल म्हणाला. हे ऐकून भुऱ्याने मान खाली घातली. तो पुढचे ओळखून होता.

दुसऱ्या दिवशी सोमिल सगळ्या बाजारभर गप्प बसला. "रांजण कसा दिला?" म्हणून लोक विचारत आणि तो त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहत राही. एकही मडके गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुजल्या डोळ्यांचा एक माणूस दारात आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "एक लहान मडकं द्या." सोमिलाने उत्साहाने विचारले, "कशाला हवं?" तो माणूस तिथेच रडू लागला. त्याचा बाप वारला होता. तिरडीपुढे धरायचे मडके कुंभार काही न विचारता देतो, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. नंदाने आतून येऊन मडके दिले, हात जोडले आणि नवऱ्याकडे असे पाहिले की तो गोठ्यात जाऊन बसला.

"तूच सांगितलंस ना, विचार म्हणून," तो भुऱ्याला म्हणाला.

भुऱ्याने डोळे मिटले. बोधिसत्त्वाने अनेक जन्मांत अवघड गोष्टी केल्या आहेत. त्या वेळी शांत राहणे त्यांतच धरले पाहिजे. "धनी," तो म्हणाला, "टिचकी कुठे मारायची हेही कळावं लागतं. उद्या पुन्हा बसू."

असे रोज चालले. दहा गोष्टी सांगाव्या, सोमिलाने त्यांतली एक उचलावी आणि ती नको तिथे वापरावी. भुऱ्या पुन्हा पहिल्यापासून सांगे. कधी सांगता सांगता त्याचा आवाज चढे, मग तो ओढ्यावर जाऊन पाणी पिऊन येई आणि पुन्हा सुरुवात करी.

पावसाळा सरला आणि खरे संकट आले. एरंडखेटच्या ओढ्याकाठची काळी चिकणमाती ही सोमिलाच्या धंद्याचा प्राण होती. ती जमीन महीधर नावाच्या गृहपतीची होती. त्याच्या बापापासून कुंभारांना तिथे खणायची मुभा होती. त्या वर्षी महीधराने काट्यांचे कुंपण घातले आणि निरोप धाडला, "यापुढे एक टोपलीही माती न्यायची नाही." दुसरी माती होती ती टेकडीवरची, भुरभुरीत. तिची मडकी आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजताना तडकत.

"आता गाव सोडावं लागणार," नंदा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून सोमिल जास्त घाबरला. "हा आवा माझ्या सासऱ्यांनी रचला. आपली देवाघरी गेलेली लेक त्या कडुनिंबाखाली पुरली आहे. हे सगळं टाकून मी कुठं जाऊ, सांगा."

सोमिल धावतच निघाला. "मी पाय धरतो त्यांचे. जन्मभर रांजण फुकट देईन म्हणतो."

"आधी मला बरोबर घ्या," भुऱ्या म्हणाला. "चार लोकांत मी बोलणार नाही. माझ्या कानांकडे बघा. एक कान पाडला तर विचारायचं. दोन्ही पाडले तर तोंड मिटायचं. सोपं आहे. तुम्हालाही जमेल."

महीधर अंगणात बाजेवर बसला होता. पलीकडे खुंट्याला एक तांबडी गाय बांधलेली होती. तिचा मागचा पाय बांबूच्या कामट्यांत आवळलेला होता.

"माती मागायला आला असशील तर आल्या पावली जा," महीधर म्हणाला.

सोमिलाने रांजणांबद्दल बोलायला तोंड उघडले. भुऱ्याचे दोन्ही कान पडले. सोमिलाने तोंड मिटले. महीधराला लोक गयावया करतात याची सवय होती, गप्प बसतात याची नव्हती. तो थोडा वेळ थांबला, खाकरला आणि म्हणाला, "असा काय उभा आहेस?"

एक कान पडला.

"गृहपती," सोमिल म्हणाला, "माती कमी पडते म्हणून बंद केली का?"

"माती कसली कमी पडते! ही गाय बघ. गाभण होती. तुझ्या खड्ड्यात पडली. वासरू गेलं. त्या रात्री घरातलं कोणी जेवलं नाही, आणि तू विचारतोस माती कमी पडते का? जिथे चांगली माती दिसेल तिथे उकरायचं आणि खड्डा तसाच टाकून पुढं जायचं. तुझा बापही तेच करायचा."

हे खरे होते. चांगल्या मातीचा पट्टा दिसला की तेवढा खरवडून पुढे जायचे, ही त्या कुंभारांची पिढीजात खोड होती. सोमिल गाईजवळ गेला. त्याने तिच्या पायाला हात लावला आणि त्याचे डोळे भरले. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. या वेळी त्याने कानांकडे पाहिले नव्हते.

महीधराचा आवाज जरा उतरला. "पाण्याला जातात गुरं. ओढा आटला की तुझ्या खड्ड्यांत तेवढं पाणी उरतं."

"उरणारच," सोमिल म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच कुंभार आला. "त्या मातीत पाणी मुरत नाही. गृहपती, मी एकाच जागी खणलं तर? वरच्या अंगाला, मोठं. एका बाजूनं उतार ठेवीन, गुरं चालत उतरतील आणि चालत वर येतील. पावसाळ्यात भरलं की उन्हाळाभर पाणी राहील. जुने खड्डे तिथल्या वरच्या भुसभुशीत मातीनं मी भरून देतो. मला खालची माती, तुम्हाला तळं."

भुऱ्याचे दोन्ही कान पडले. सोमिल गप्प बसला. महीधराने गाईकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि सोमिलही बोलला नाही. मला तर हेच मोठे आश्चर्य वाटते.

"एक पावसाळा बघू," महीधर अखेर म्हणाला. "पाणी राहिलं तर तुझ्या नातवंडांनीही तिथंच खणावं. कुंपण काढायला सांगतो."

सौदा ठरला होता. आता नुसते उठायचे होते. भुऱ्याने तोंडही दाराकडे वळवले. पण सोमिलाच्या मनावरचे ओझे उतरले होते, आणि ओझे उतरले की त्याची जीभ सुटे. "आणि गृहपती," तो म्हणाला, "तुमच्या नव्या गोठ्याला भराव लागेल ना? माझं गाढव आहे की! सगळी माती तेच वाहील. रोज वाहील!"

भुऱ्याचे दोन्ही कान मानेला चिकटले. त्याने खूर आपटला, दुसरा आपटला. सोमिल पुढे बोलतच होता. शेवटी बोधिसत्त्व, ज्याने पुढे जगाला वाणीचा संयम शिकवला, तो महीधराच्या अंगणात गळा फाडून ओरडला.

"बघा," सोमिल म्हणाला, "त्यालाही आनंद झाला."

ओढ्यापर्यंत भुऱ्या पुढे पुढे चालत राहिला. तिथे सोमिलाने विचारले, "जमलं की नाही?"

"जमलं होतं."

सोमिलाला तेव्हा कळले आणि तो आल्या वाटेने वळला. "मी जाऊन मोडून येतो."

भुऱ्या त्याच्याकडे पाहत राहिला. त्याला फक्त "जा" म्हणायचे होते. न म्हणताही चालले असते. गाढव रस्त्यात बसले तर त्याला कोणी उठवू शकत नाही, हे त्याला माहीत होते. पण खुंट्याची ती गाय त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. सोमिल परत गेला तर महीधराचा विश्वास उडेल, कुंपण राहील, खड्डे तसेच उघडे राहतील आणि त्यांत आणखी कोणाचे तरी वासरू मरेल.

"राहू द्या," तो म्हणाला. "शब्द दिलात ना. आधी खड्डे भरू, मग गोठा. पण धनी, तुमच्यापुढं मी हात टेकले असते. मला हात नाहीत."

सारा हिवाळा त्याने माती वाहिली. वरच्या अंगाला तळे खणले गेले आणि खड्डे एकेक करून बुजले. गोठ्याचा भराव झाला. नंदा त्याच्या पाठीला रोज तेल लावी आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने त्याच्याशी बोले. ज्या संध्याकाळी शेवटची गोण रिकामी झाली, त्या संध्याकाळी सोमिल नेहमीप्रमाणे दोरी घेऊन आला. तो खाली वाकला, भुऱ्याच्या पायांशी थांबला आणि तसाच वाकलेला राहिला.

"भुऱ्या," तो म्हणाला, "तुला काय हवं?"

भुऱ्याने दोरीकडे पाहिले. "चरायला सोडताना पाय बांधू नका."

सोमिल विचारात पडला. गाढव गेले तर माती कोण वाहणार? मग त्याने खाकरून विचारले, "एकच पाय बांधला तर?"

भुऱ्याला त्या क्षणी कमालीची चीड आली आणि त्याच वेळी हसूही आले. शिष्य तयार झाला होता, आणि पहिली घासाघीस गुरूशीच करत होता. तो काही बोलला नाही. त्याने कानही हलवले नाहीत. नुसता उभा राहिला.

सोमिलाने त्याचा पाय हातात धरला होता. दोरीच्या जागी केस उरले नव्हते. कातडी गुळगुळीत झाली होती, मडक्याच्या काठासारखी. बारा वर्षे हीच बोटे तिथे रोज गाठ मारत होती. सोमिल त्या जागेवरून बोट फिरवत राहिला. मग त्याने दोरी गुंडाळली आणि खुंटीला अडकवून दिली.

सकाळी नंदा उठून पाहते तो अंगण मोकळे. ती धावत ओढ्यावर गेली. नव्या तळ्याच्या काठी गोण्यांजवळ भुऱ्या उभा होता, चारही पायांवर सरळ, आणि सोमिल अजून का येत नाही म्हणून वैतागून घराच्या वाटेकडे बघत होता.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्खूंच्या पावसाळी वर्षावासाच्या आरंभी विहारात सांगितली. त्या वर्षी कुट्या शाकारण्यासाठी गवत मागायला धम्मिल नावाच्या भिक्खूला एका उपासकाकडे पाठवले होते. उपासकाने गवत दिले, आणि धम्मिलाने आनंदाच्या भरात सांगून टाकले की कापणी आम्हीच करू. भिक्खूंना गवत कापण्याची मनाई आहे, हे त्याला विहारात परतल्यावर आठवले. रक्खित नावाच्या भिक्खूने सर्वांदेखत कपाळाला हात लावला. तेव्हा शास्ते म्हणाले, "धम्मिल असे आजच पहिल्यांदा बोलून बसलेला नाही," आणि त्यांनी हे सांगितले.

शेवटी त्यांनी जन्मांचा मेळ घातला. तेव्हाचा गृहपती महीधर म्हणजे गवत देणारा हा उपासक. सोमिल कुंभार म्हणजे धम्मिल. नंदा म्हणजे रक्खित, त्याचा कपाळावरचा हात तेव्हापासूनचा आहे. "आणि ते गाढव म्हणजे मी," शास्ते म्हणाले. त्या जन्मात जी पारमी, म्हणजे बोधिसत्त्वाची साधना, पुरी झाली तिला क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात.

धम्मिल मान खाली घालून ऐकत होता. तो उठला, शास्त्यांना वंदन करून म्हणाला, "मी उपासकाकडे जाऊन माझी चूक सांगून येतो." मग दारापाशी तो थांबला आणि मागे वळून त्याने रक्खिताला विचारले, "तुझं काय म्हणणं आहे?"