नाकामागच्या गावातला जाळेवाला

एका मुलीच्या नाकामागे एक गाव होतं. गावात वाऱ्याने भरलेल्या गुहा होत्या आणि मागच्या बाजूने एक अरुंद बोळ कानाच्या माडीकडे जात होता. माडीवर एक म्हातारा ढोलवाला राही. बाहेरचा शब्द आला की त्याचा ढोल थरथरे आणि मुलीला तो ऐकू येई.

गावाची राखण पांढरे पहारेकरी करत. शत्रू शिरला की आपल्याच अंगातला धागा उसवून त्याचं जाळं करायचं आणि ते शत्रूवर फेकायचं, ही त्यांची लढण्याची तऱ्हा. पुष्कळ जण त्यातच संपत. म्हणून गावात एक रीत होती. लढाई आटोपली की झाडणारी मावशी टोपली घेऊन फिरे, पडलेले गडी आणि फाटकी जाळी हलक्या हाताने उचली. उरलेल्यांनी आपलं जाळं तिच्या टोपलीत टाकून परतायचं.

एका थंडीत सर्दीचे जंतू घुसले. झुंज मोठी झाली, पण जंतू हरले. त्यात एका जाळेवाल्याचा जोडीदार गेला. दोघं एकाच हाडाच्या पोकळीत जन्मलेले, रक्ताच्या एकाच लाटेवरून इथे आलेले.

मावशी टोपली घेऊन आली तेव्हा जाळेवाला म्हणाला, "मावशी, तू पुढे हो. शत्रू अजून आहे."

"मला तर कोणी दिसत नाही रे."

"तुझं लक्ष टोपलीत. मला दिसतोय."

त्याला खरंच दिसत होतं. बोळात काहीतरी पांढरं हलत होतं. ती फाटलेली जाळीच होती, पण त्याने त्यांच्यावर जाळं टाकलं आणि हाळी दिली. हाळीसरशी नवे पहारेकरी धावत आले. त्यांनाही ते पांढरं दिसलं, त्यांनीही जाळी टाकली. त्या गर्दीने भिंती लाल झाल्या, सुजल्या. गुहांची तोंडं बुजली. बोळ बंद झाला, माडीवर पाणी साचलं आणि ढोल भिजला.

ढोलवाल्याने खाली निरोप धाडला, की मुलीचे बाबा हाका मारतात आणि ती मान वर करत नाही. गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवते. ढोल असाच भिजत राहिला, तर त्याचं कातडं कायमचं जाईल.

मावशी जाळेवाल्याशेजारी येऊन बसली. एवढा लढतोयस, तर काय धरलंस ते सोडवून दाखव, असं तिने त्याला सांगितलं. त्याने आपलं जाळं उलगडलं. आत दुसरं जाळं, त्याच्या आत तिसरं, आणि सगळ्यात आत एक जुनं, ढिसाळ गाठींचं. अशा ढिसाळ गाठी गावात एकच जण मारी, आणि त्यावरून रोज बोलणी खाई.

जाळेवाल्याला ते हातातून सोडवेना.

"हे टोपलीत टाकलं, म्हणजे तो गेलाच की."

"गेलाय तो, बाळा. जिंकून गेलाय. तूच त्याची लढाई संपू देत नाहीस."

मग त्याने ते जाळं घडी करून टोपलीत ठेवलं, त्यावर आपलं ठेवलं आणि परतीची हाळी दिली.

नवे पहारेकरी कुरकुरले. "बोलावलंस तूच, घालवतोस तूच. पाहुणचार झकास हो तुमच्या गावचा." जाळेवाल्याला पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

सूज एकदम उतरली नाही. मावशीला टोपल्यांवर टोपल्या भराव्या लागल्या. पण एके दिवशी बोळातून वाऱ्याची बारीक झुळूक गेली, पाणी वाट काढत उतरलं, मुलीने दणदणीत नाक शिंकरलं आणि माडीवरचा ढोल सुकू लागला.

त्यानंतरच्या एका दुपारी बाबा स्वयंपाकघरात डबा उघडून स्वतःशीच पुटपुटले, "यातला लाडू कोणी खाल्ला बरं?"

पलीकडच्या खोलीतून लगेच उत्तर आलं, "मी नाही."

तात्पर्य एवढंच: राखण करणाऱ्याला वेळेवर हात आवरता आला पाहिजे, नाहीतर ज्याला जपायचं, त्यालाच इजा होते.