तिसरी जोडी

"तात्या, आपण दोघं. मग चपला तीन जोड कशा?"

भागोजीतात्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शहराचं पावसाळी पाणी जमिनीखालून आणणारा मोठा नाला नदीकाठी उघडतो, तिथे त्यांनी आपल्या चपला काढल्या होत्या. शेजारी अन्वयचे बूट ठेवले होते. मग पिशवीतून एक जुनी, वाळून वाकडी झालेली जोडी काढून तीही मांडली होती. तिन्हींची तोंडं आत. आत किती माणसं आहेत हे बाहेरच्याला कळावं, म्हणून नाल्यातल्या कामगारांची ही रीत.

चाळीस वर्षं नाले उपसलेला म्हातारा अनवाणीच आत शिरला. मागून अन्वय. पायांत गमबूट, कपाळावर दिवा, छातीशी नकाशा. दोन वर्षं खपून त्याने शहराखालचे सगळे नाले कागदावर उतरवले होते. राहिला होता एकच तिठा, याच नाल्याच्या आतला. तात्यांकडे शिकायला आला होता खरा, पण आपल्याला शिकायचं काही उरलंय हे त्याला मनातून पटलं नव्हतं.

पाणी घोट्याएवढं. छत इतकं खाली की मान वाकवून चालायचं.

"तिठा अजून पन्नास पावलं," अन्वय म्हणाला.

तात्या थांबले. "पाणी गार झालं."

"मला नाही जाणवत."

"बुटात कसं जाणवंल?"

"अंदाज बघूनच आलोय मी. आज पाऊस नाही."

"वर डोंगरात पडला असंल कुठंतरी... चल माघारी."

"पन्नास पावलं, तात्या."

तात्या वळलेसुद्धा. त्यांच्या पावलांचा आवाज लांब जाऊ लागला.

अन्वयने कान दिला. काहीच ऐकू येईना. दहा पावलं तो हट्टाने पुढे गेला. मग वळून जो धावत सुटला, तो उजेड दिसेपर्यंत. भीती वाटलीच होती. पण आपण घाबरलो, याची लाज त्याहून जास्त वाटली.

दोघं काठावरच्या दगडावर बसले. अर्धा तास गेला. तास गेला. नाला आपला घोट्याएवढाच वाहत होता.

"आलं का पाणी?"

"न्हाई आलं."

"म्हणजे चुकलात."

"चुकलो."

"असे किती वेळा चुकलात?"

"मोजलं न्हाई. महिन्यातनं दोनदा तरी. मुकादम लई शिव्या घालायचा."

अन्वय हसला आणि बूट चढवू लागला. तात्यांनी आपल्या चपला घातल्या. मग ती वाकडी जोडी उचलली, धोतराच्या सोग्याने हळू पुसली.

अन्वयचं हसू ओसरलं. "तात्या... ही कुणाची?"

"मलप्पाची. माझा जोडीदार."

तात्यांनी जोडी पिशवीत ठेवली.

"त्याचं माझ्यासारखं नव्हतं... तो एकदाच चुकला."