मांजर, गाजर आणि यमक

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला, तो घुश्शातच. आपल्या चार वर्षांच्या लेकीसाठी त्याने यमकबद्ध कवितांचे चित्रमय पुस्तक रचले होते. चित्रे सुबक, यमके चोख. मित्रमंडळींनी तोंड भरून कौतुकही केले होते. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती लेक तिसऱ्या पानालाच त्याच्या मांडीवरून उतरून निघून गेली.

"गुरुजी, हल्लीच्या मुलांना कवितेची गोडीच राहिली नाही," तो म्हणाला. स्वर रागाचा होता, पण मनाला फार लागले होते.

गुरूंनी त्याच्या हातातले पुस्तक घेऊन उघडले. पहिल्याच पानावर होते:

गोड गोजिरं एक मांजर
आवडीनं खाई रोज गाजर

"जेवून जा," एवढेच म्हणून त्यांनी पुस्तक मिटले.

पाने वाढली. गुरूंचे मांजर नेहमीप्रमाणे पाटाशी येऊन बसले. गुरूंनी त्याच्या वाटीत दुधाऐवजी गाजराचे तुकडे घातले. मांजराने वास घेतला, गुरूंकडे एकदा पाहिले आणि खिडकीत जाऊन बसले. गुरूंनी वाटी उचलून खिडकीत ठेवली. मांजर तिथूनही उठले आणि कोनाड्यात जाऊन निजले.

शिष्याला राहवेना. "अहो गुरुजी, मांजर कधी गाजर खातं का?"

"तुझ्या पुस्तकात तर आवडीनं खातं."

"ते यमकासाठी!"

"मग सांग ना त्याला, बाबा रे, यमकासाठी खा."

शिष्य ओशाळला. तेव्हा गुरू म्हणाले, "मांजर भांडलं नाही, नुसतं उठून गेलं. तुझी लेकही तशीच गेली. थोरांना भीड असते, ते वाहवा करतात. मुलांना ती नसते. अरे, यमक म्हणजे मुलाला दिलेलं बोट. ते धरून पुढचा शब्द त्यानं स्वतः गाठायचा असतो. तिथं खोटंच काही भेटलं, तर मूल बोट सोडून देतं. मग चित्रं कितीही रंगव."

एवढे बोलून त्यांनी दुधाच्या पातेल्यावरचे झाकण उचलले. झाकण वाजले मात्र, कोनाड्यातले मांजर वाटीपाशी उभे! शिष्य त्याच्याकडे बघतच राहिला.

घरी येऊन त्याने ते पान नव्याने लिहिले. चित्रात आता फक्त चूल, पातेले आणि कोनाड्यातून लोंबणारे एक शेपूट होते. लेकीला मांडीवर घेऊन तो वाचू लागला:

कोनाड्यात निजलं मांजर
झाकण वाजलं की...

तो पान उलटणार, तोच लेक ओरडली, "हजर!"

पान उलटले. वाटीपाशी मांजर होते. लेक टाळ्या पिटून खिदळली आणि म्हणाली, "बाबा, परत!"

वाहवा त्याला पुष्कळ मिळाली होती. 'परत' मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच मिळाले.