राजाचे घोडे जप्त होतात

धाकू गाडीवान दुसऱ्यांदा सापडला होता, आणि शिरवलीच्या राज्यात पिऊन दुसऱ्यांदा गाडी हाकणाऱ्याचे बैल कायमचे जप्त होत. बैल गेले की घरची चूल विझणार. म्हणून त्याची मुलगी आवडी दाद मागायला थेट राजा प्रचंडसेनापुढे उभी राहिली.

"गेल्या वर्षी बाबा प्यायला होता, नाही म्हणत नाही. वेशीवरचा दिवा पाडला, शिक्षाही भोगली. पण या खेपेला मडक्यात नीरा होती, पहाटे ताडावरून उतरवलेली. बैल बुजले आणि गाडी कोतवालांच्या कुंपणात शिरली, एवढंच."

न्यायाधीश अनंतशास्त्री फिस्कारले. "मी मडकं उघडलं तेव्हा वासानं डोळ्यांत पाणी आलं. ताडीच होती ती!"

"कधी उघडलंत, शास्त्रीबुवा?"

"मेहुणीच्या लग्नाहून परतल्यावर. मोहोरबंद पुरावा माझ्याशिवाय कुणी उघडायचा नाही, अशी रीत आहे."

"म्हणजे तुम्ही पंगतीत, बाबा कोठडीत आणि मडकं उन्हात आंबत. महाराज, खटला त्याच दिवशी चालला असता तर बाबा सुटला असता."

राजा पक्का हट्टी. "न्याय म्हणजे काय दूध आहे, नासायला? बरं, उद्या दरबार उठायच्या आत दाखव. पुराव्याला कुणी बोटही लावायचं नाही, आणि निव्वळ उशिरामुळे निरपराध माणूस गुन्हेगार ठरला पाहिजे. नाही जमलं, तर बैलांमागोमाग गाडीही जप्त."

दरबारी हसले. आवडी मुजरा करून निघाली.

राजा रोज पहाटे स्वतः रथ हाकत समुद्रावर जाई. दुसऱ्या दिवशी वाटेत आवडी उभी, हातात मडकं.

"महाराज, चाखून सांगा, काय आहे?"

आधी सोबतच्या शिपायानं घोट घेतला, मग राजानं. मग राजानं आणखी दोन घेतले. "नीरा! साखरेसारखी गोड."

"आता मडक्यावर आपलीच मोहोर लावा. दरबाराबाहेर ओट्यावर ठेवा, पहारा बसवा."

राजानं तसं केलं आणि खुशीत रथ हाकत वाड्यावर गेला.

दुपार टळल्यावर मडकं दरबारात आलं. शास्त्रीबुवांनी मोहोर फोडली, तसा फस्सकन फेस वर आला. त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

"ताडी! यात काय संशय!"

"यातलं पिऊन कुणी लगाम धरले असतील तर?" आवडीनं विचारलं.

"पहिलीच खेप असली तरी जनावरं ताब्यात घ्यायची. माणूस कितीही मोठा असो."

"मग शास्त्रीबुवा, महाराजांच्या रथाचे घोडे ताब्यात घ्यायला सांगा."

राजा ताडकन उठला. "अगं, मी प्यालो ती नीरा होती! हा शिपाई साक्षीला आहे!"

"बाबाही हेच म्हणत होता, महाराज. त्याच्याकडे फक्त शिपाई नव्हता."

राजा असा हसला की मुकुट सावरावा लागला.

"पोरी, माझे घोडे सोडवायला काय घेशील?"

"बाबाचे बैल."

बैल तर सुटलेच, वर त्यांच्या गळ्यात राजानं स्वतःच्या हातानं चांदीच्या घुंगुरमाळा बांधल्या. यापुढे मडकं ज्या दिवशी सापडेल त्याच दिवशी उघडायचं, असं फर्मान निघालं.

शास्त्रीबुवा पुटपुटले, "पण महाराज, पुढच्या महिन्यात धाकट्या मेहुणीचंही लग्न आहे."

"मग आरोपींना सहकुटुंब आमंत्रण द्या," राजा म्हणाला, "आणि पंगतीच्या आधी निकाल!"