पाण्यासाठी सोडलेली दारे

नदी जिथे एकदम डावीकडे वळते, तिथे फार पूर्वी एक गाव होते आणि त्या गावात एक गवंडी राहत होता.

गावाला दोन आळ्या होत्या. वरची आळी थोड्या उंचावर, खालची सखल जागेत. उन्हाळ्यात नदी खालच्या आळीपासून चांगली दूर असायची. पण मोठा पूर आला की तिला वळण पुरत नसे. ती सरळ खालच्या आळीतून जायची आणि पलीकडे पुन्हा आपल्या पात्राला मिळायची.

म्हणून गावाने एक नियम केला होता. खालच्या आळीत बावीस घरे होती, दगडी, एका रांगेत, एकाला एक लागून. प्रत्येक घराला दोन दारे ठेवायची, एक नदीकडे आणि एक मागे, अगदी समोरासमोर. मधे भिंत घालायची नाही. पूर चढू लागला की सामान माळ्यावर टाकायचे, दोन्ही दारे सताड उघडायची आणि सगळ्यांनी वरच्या आळीत जायचे. पाणी पुढच्या दाराने येई, मागच्या दाराने निघून जाई. दोन दिवसांनी लोक परत येऊन चिखल काढत आणि शिव्या देत देत चुली मांडत.

नियम पाळला जातो की नाही हे पाहणे गवंड्याच्या घराण्याकडे होते. नवे घर झाले किंवा जुने दुरुस्त केले की गवंडी पुढच्या दारात घागरभर पाणी ओतायचा. ते मागच्या दारातून बाहेर पडले तरच त्या घरात चूल पेटायची. मग सगळ्यांना गूळखोबरे वाटत.

गवंड्याचे स्वतःचे घर वरच्या आळीत होते, मातीचे. त्या आळीतली सगळीच घरे मातीची होती, कारण तिथे पाणी कधी आलेच नव्हते. पुराच्या दिवसांत खालच्या आळीतली म्हातारी माणसे गवंड्याच्या घरी येऊन राहत. गवंड्याची बायको त्यांना पेज करून घाली आणि मनसोक्त भांडे. विणकराची आई तर पेजेचा पहिला घोट घेतला की म्हणायची, "पातळ झाली." त्यावर गवंड्याची बायको म्हणायची, "गावात एवढं पाणी आलंय आत्याबाई, म्हटलं वाया कशाला घालवा." आणि दोघी हसत.

एका हिवाळ्यात विणकर गवंड्याकडे आला. गरीब स्वभावाचा माणूस, कधी कुणाकडे काही न मागणारा. बराच वेळ तो इकडचे तिकडचे बोलत राहिला. मग त्याने सांगितले, की समोरासमोरच्या दारांतून वारा नुसता वाहत असतो, आईचा खोकला थांबत नाही, कालपासून थुंकीत रक्त दिसते आहे. मागचे दार तेवढे चिणून घेऊ का?

बावीस घरांपैकी एक, असा गवंड्याने विचार केला. एकवीस दारे उरतात. म्हातारीला तो लहानपणापासून ओळखत होता. तिने त्याला अंगणात खेळताना कितीदा भाकरी दिली होती. नदी डोळ्यांपुढे नव्हती, विणकर होता.

"घे चिणून," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच दगड बसवले, आणि चांगले बसवले.

आता दुरुस्ती झाली म्हणजे घागर ओतणे आले. गवंड्याने ओतली. पाणी मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबले. विणकराची बायको फडके घेऊन बसलीच होती, तिने ते टिपून बादलीत पिळले आणि बादली बाहेर रिकामी केली. जमलेल्यांपैकी कुणी तरी म्हणाले, गेले पाणी. गूळखोबरे वाटले गेले.

घरी आल्यावर बायकोने त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि विचारले, "घागर ओतायला गेला होता की गूळ खायला?"

"म्हातारी मरेल गं थंडीने."

"तिला आपल्याकडे आणून ठेवा की. जागा काय कमी आहे?"

हे त्याला सुचले नव्हते. पण भिंत तर उभी राहिली होती, आणि घातलेली भिंत दुसऱ्याच दिवशी पाडायला सांगणे त्याच्याने झाले नाही.

त्यानंतर कासार आला. त्याला बांगड्या टांगायला एक सलग भिंत हवी होती. गवंडी नाही म्हणाला, तेव्हा कासाराने शांतपणे विचारले, "विणकर तुमचा आणि मी परका का?" गवंड्याने त्याचेही दार चिणले. मग ज्याची मुलगी लग्नाची होती त्याला मागे एक खोली काढायची होती. मग ज्याच्या घरी चोरी झाली तो आला. प्रत्येकाची अडचण खरी होती. कुणीही लबाडी केली नाही. प्रत्येक घरात घागर ओतली गेली, प्रत्येक घरात फडके तयार होते. काही वर्षांनी तर लहान मुलांना वाटू लागले, की घागर ओतायची आणि फडक्याने टिपायची अशीच रीत आहे.

नऊ वर्षे मोठा पूर आला नाही. विणकराच्या आईचा खोकला थांबला. बावीसपैकी एकोणीस दारे बंद झाली.

दहाव्या वर्षी श्रावणात डोंगरात सलग चार दिवस पाऊस पडला. पाचव्या दिवशी सकाळी नदीने वळण सोडले. लोकांनी नेहमीप्रमाणे सामान माळ्यावर टाकले, मागचे दार चिणलेल्यांनी पुढचेही घट्ट लावून घेतले आणि म्हाताऱ्यांना वरच्या आळीत पोचवले. विणकराने आईला पाठीवर घेऊन गवंड्याच्या घरी नेले. ती आता चालू शकत नव्हती. गवंड्याच्या बायकोने तिच्यासाठी चुलीजवळ अंथरूण घातले आणि नवऱ्याला व विणकराला म्हणाली, "जा, पेज पातळ होईपर्यंत या परत."

विणकराचा माग अजून खाली होता. तो उचलायला म्हणून दोघे परत आले. माग माळ्यावर चढवून, शिडी लावून ते छपरावरून मागच्या अंगाला उतरले. पुढे नदी घरांना टेकली होती. मागे जमीन जवळजवळ कोरडी होती. उघड्या राहिलेल्या तीन दारांतून थोडेसे पाणी येत होते, घोट्याएवढे.

विणकराला आनंद झाला. "दादा, बघा तरी. या खेपेला पाणी आलंच नाही."

गवंड्याने स्वतःच्या पायांकडे पाहिले. लहानपणापासून त्याने पूर पाहिला होता. पूर आला की या जागी कमरेइतके पाणी असायचे आणि बावीस घरांतून त्याचा असा आवाज यायचा, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. आज विणकराचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. एकोणीस भिंती त्याने स्वतः घातल्या होत्या. एकीतूनही थेंब झिरपत नव्हता.

पाणी इथे आले नव्हते, म्हणजे ते दुसरीकडे गेले होते.

तो वरच्या आळीकडे धावला. विणकराला काही कळले नाही, तोही मागून धावला. आळीच्या तोंडाशीच पाणी छातीला लागले. रांगेने अडवलेली नदी बाजूने वर चढली होती आणि जिथे कधी आली नव्हती तिथे शिरली होती. मातीची घरे विरघळावी तशी बसत होती. गवंड्याच्या घरात अकरा माणसे होती. त्यांतली नऊ टेकडीवर उभी होती. त्यांनी सांगितले, की पाणी उंबऱ्यात आल्याबरोबर गवंड्याच्या बायकोने सगळ्यांना बाहेर काढले. विणकराच्या आईला उचलणे तिला एकटीला जमेना. बाकीच्यांना जायला सांगून ती आत थांबली. मग छप्पर खाली आले.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर दोघी एकाच ठिकाणी सापडल्या.

गावाने गवंड्याला बोल लावला नाही. उलट लोक त्याच्याजवळ बसत आणि म्हणत, नदीच फिरली, त्याला कोण काय करणार. खालच्या आळीतल्यांनी तर त्याच्या कामाची तारीफ केली. एवढा पूर आला आणि एक भिंत हलली नाही. गवंड्याने सांगून पाहिले, की भिंती हलल्या नाहीत म्हणूनच हे झाले. लोकांनी ऐकून घेतले. दुःखात माणूस असे काही तरी बोलतो, असे त्यांना वाटले.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी उघड्या राहिलेल्या तीन घरांपैकी एकाचा मालक आला. यंदा चिखल फक्त आमच्या तीन घरांतच शिरला, तेव्हा आमचेही दार बंद करून द्या, असे त्याचे म्हणणे होते. गवंड्याने नकार दिला. तो माणूस रागाने गेला आणि त्याने शेजारच्या गावचा गवंडी बोलावला. नव्या गवंड्याने दार चिणले आणि रीत म्हणून घागरही ओतली.

विणकराने मात्र आपली भिंत पाडायला काढली. एकट्याने, पहारीने. चार दिवस लागले. गवंडी रोज येऊन समोर बसायचा. मदत मात्र करत नसे. शेवटचा दगड निघाला तेव्हा विणकर धापा टाकत दारात बसला. दोन्ही बाजूंच्या घरांतल्या भिंती जशाच्या तशा उभ्या होत्या. एका दाराने आता काही होणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होते.

"दादा," विणकर म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मी तुमच्यावर फार रागावलो असतो."

"किती दिवस?" गवंड्याने विचारले.

विणकराने खरोखरच विचार केला. "पाडव्यापर्यंत," तो म्हणाला.

गवंड्याने मान हलवली आणि नदीकडे पाहिले.

तात्पर्य: नियमातून सूट मागणारा माणूस आपल्यासमोर उभा असतो आणि त्याची अडचण खरी असते. ती सूट ज्याच्या जिवावर बेतणार असते, तो त्या वेळी समोर नसतो. त्याच्या वतीने कुणी तरी नाही म्हणावे लागते, आणि ते पहिल्याच माणसाला म्हणावे लागते.