नावाड्याचा अस्वल्या आणि हिराक्काची फणी

नद्यांवर अजून पूल बांधले नव्हते, त्या काळी एका मोठ्या नदीच्या काठी तुळाजी नावाचा नावाडी राहत होता. त्याची बायको गिरजा, त्याची एक नाव आणि त्याचा एक कुत्रा. कुत्रा कसला, अस्वलच! काळाभोर, झुबकेदार आणि एवढा थोराड, की घाटावर नवखा माणूस आला तर त्याला बघून दचकून मागेच सरायचा. म्हणून त्याचं नाव अस्वल्या.

अस्वल्याला काम होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं.

नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला होता. नाव एका कडीने त्या दोराला अडकवलेली असायची, म्हणजे पाण्याबरोबर वाहून जायची नाही. पलीकडचा काठ वाळूचा होता, तिथे नाव आपोआप टेकायची. पण अलीकडे, तुळाजीच्या घाटापाशी, पाण्याला भयंकर ओढ होती. नाव घाटाजवळ आली की अस्वल्या एका बारीक दोराचं टोक तोंडात धरायचा, धप्पकन पाण्यात उडी मारायचा आणि पोहत गिरजेपाशी यायचा. गिरजा तो दोर खुंट्याला गुंडाळायची, आणि नाव अलगद घाटाला लागायची. नावेतली पोरंटोरं टाळ्या पिटायची. बाजारकरी म्हणायचे, "आम्ही भाडं नावेचं देतच नाही, अस्वल्याची उडी बघायचं देतो!"

असा हा अस्वल्या दिवसभर पाण्यात. ओले केस वाळायच्या आत पुन्हा ओले. हळूहळू ते केस एकमेकांत गुंतायला लागले. कानामागे गाठी झाल्या, पोटाखाली गाठी झाल्या, पायांच्या बेचक्यांत तर घोंगडीच्या तुकड्यांसारखे थर झाले. वरून बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसायचं, की कुत्रा आणखी गुबगुबीत झालाय.

घाटाच्याच बाजूला थोड्या अंतरावर बाजारगाव होतं. तिथे हिराक्का नावाची बाई अधूनमधून येऊन मुक्काम करायची आणि कुत्र्यांचं न्हाणीघर चालवायची. कोमट पाण्याचे हंडे, रिठ्याचा फेस, शिंगाच्या आणि लाकडाच्या नाना तऱ्हेच्या फण्या, आणि लहानमोठ्या कात्र्या. मेंढपाळ आपले कुत्रे तिच्याकडे आणायचे, सावकाराच्या वाड्यावरचेही यायचे.

एकदा बाजाराला गेलेली गिरजा तिला विचारून आली.

"अहो, अस्वल्याला घेऊन या म्हणाली हिराक्का. नावेचं दिवसभराचं भाडं घेईन म्हणाली."

तुळाजी जेवता जेवता थांबला. "दिवसभराचं? केस विंचरायचं? गिरजे, मी दिवसभर नाव ओढतो तेव्हा माझे खांदे बोलायला लागतात. आणि ही बाई बसल्या जागी तेवढंच घेणार?"

"तिचं कामच आहे ते."

"काम कसलं त्यात! केस ते केस. मेंढ्यांची लोकर कापायची कातर मागून आणतो शेजारून. बघच तू, दुपारपर्यंत कुत्रा कसा चकचकीत करतो ते."

तुळाजीने कातर आणली. अस्वल्याला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि कानामागची गाठ खसकन ओढून कातर चालवली. गाठीबरोबर कातडीही आली. अस्वल्या असा केकाटला, की झाडावरचे बगळे उडाले. तो तुळाजीच्या हातून निसटला आणि उलट्या ठेवलेल्या जुन्या होडीखाली जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

त्या दिवसापासून अस्वल्या अंगाला हात लावू देईना. गिरजेनेही कुरवाळायला हात पुढे केला, की मान फिरवायचा. गाठी वाढतच गेल्या.

मग एक दिवस जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. नाव घाटाजवळ आली, अस्वल्याने दोर धरला, उडी मारली आणि अर्ध्या वाटेवर थांबला. पुढचे पाय मारायचा, पण पुढे सरकायचा नाही. अंगावरच्या त्या थरांनी एवढं पाणी प्यायलं होतं, की जणू कुणीतरी त्याला खालून धरून ठेवलं होतं. तोंडातला दोर सुटला. नाव धाडकन दगडांवर आपटली. कुंभारणीची पाटी कलंडली आणि तिच्या घागरींचे तुकडे तुकडे झाले. अस्वल्या कसाबसा काठाला लागला आणि तिथेच आडवा पडला.

कुणी हसलं नाही. तुळाजी धावत त्याच्यापाशी गेला. त्याने अस्वल्याच्या छातीखाली हात घातला, तर हाताला कुत्रा लागेचना. लागलं ते ओलं, जड, दगडासारखं घट्ट झालेलं घोंगडं.

"गिरजे," तो म्हणाला, "हिराक्का आहे का अजून बाजारात?"

"आहे. उद्याचा दिवस आहे. परवा दुसऱ्या गावाला जाणार, मग महिनाभर नाही." गिरजा थांबली. "पण उद्या वऱ्हाड आहे आपल्या घाटावर. मोठं वऱ्हाड आहे. सगळ्या मोसमात एवढं भाडं एका दिवसात मिळायचं नाही."

तुळाजी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाला. सकाळी उजाडताच त्याने नाव बांधून ठेवली आणि अस्वल्याच्या गळ्यात दोरी घातली. तेवढ्यात हलग्या वाजवत वऱ्हाड येऊन ठेपलं.

"चला नावाडी, सोडा नाव!" वरबाप ओरडला.

"दुपारी सोडतो मालक. मुहूर्त संध्याकाळचा आहे ना? वेळेत पोचवतो. आधी कुत्र्याला न्हाऊ घालून आणायचाय."

वऱ्हाडात क्षणभर कुणाला कळेचना. मग वरबापाचा फेटाच हलायला लागला. "कुत्र्याच्या अंघोळीसाठी माझं वऱ्हाड ताटकळणार? निम्मंच भाडं देईन, सांगून ठेवतो!"

"निम्मं द्या," तुळाजी म्हणाला, आणि चालायला लागला.

हिराक्काने अस्वल्याला बघितलं आणि तिने कातर उचललीच नाही. ती त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि गुणगुणायला लागली.

तुळाजीचा जीव वरखाली. "आक्का, वऱ्हाड थांबलंय."

"थांबू दे. याला कुणीतरी दुखवलंय. आधी याने मला हुंगायला हवं."

बराच वेळ गेला. मग अस्वल्या एक पाऊल पुढे आला. आणखी एक. त्याने हिराक्काचे हात हुंगले, फणी हुंगली, आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकली. तेव्हा कुठे ती कामाला लागली. तेलाचं बोट लावून ती एकेक गाठ सैल करायची. प्रत्येक गाठ मुळाशी बोटांत घट्ट धरायची, म्हणजे ओढ कातडीला लागायची नाही.

ऊन वर चढलं. लांबून हलगीचा आवाज यायला लागला. वऱ्हाड बोलावत होतं.

तुळाजीला राहवेना. "आक्का, सगळंच भादरून टाका ना! पटकन होईल आणि पैसेही कमी लागतील."

हिराक्काने हात थांबवला. "होईल की. घटकाभरात होईल. पण याचे वरचे केस उन्हासाठी आहेत आणि आतली मऊ लव आहे ती गार पाण्यासाठी. दोन्ही गेलं तर हा नदीत काकडेल आणि काठावर भाजेल. कुत्रा तुझा आहे, तुळाजी. सांग, काय करू?"

तुळाजी अस्वल्याकडे बघत राहिला. तिकडे हलगी वाजतच होती.

"गाठी सोडवा," तो म्हणाला. "मीही हात लावतो. कसं धरायचं ते दाखवा."

तिने दाखवलं. पुढच्या पायाच्या बेचक्यातला थर सुटला, तेव्हा तुळाजी खाली वाकून बघायला लागला. आत कातडी लालेलाल झाली होती. दर वेळी पोहताना पाय पुढे टाकला, की तो थर ती कातडी ओढत होता. एवढं दुखत असताना हा रोज उडी मारत होता! तुळाजीने अस्वल्याच्या कपाळावर कपाळ टेकवलं.

"तू घरी विचारलंस ना, एवढे पैसे कशाचे," हिराक्का म्हणाली. "गिरजेने सांगितलं मला. कातर चालवायचे मी थोडेच घेते. थांबायचे घेते."

गाठी संपल्या. रिठ्याचा फेस झाला, कानांतलं पाणी कापसाने टिपून झालं, वाढलेली नखं कापून झाली, जखमांवर हळदीचा लेप बसला. आणि मग अस्वल्याने एकदा अंग झाडलं. असं झाडलं, की हिराक्का, तुळाजी आणि शेजारचा भाजीवाला तिघेही भिजले! आणि मग तो पळत सुटला. बाजाराला एक फेरी, हंड्यांभोवती एक फेरी, भोपळ्यांच्या ढिगावरून उडी! जणू कुणी अंगावरून पोतंच उतरवलं होतं. सगळा बाजार हसायला लागला.

तुळाजीने हिराक्काला ठरलेले पैसे दिले आणि तो अस्वल्याबरोबर घाटाकडे धावत सुटला.

वऱ्हाड तापलेलंच होतं. पहिल्या खेपेला नवरदेव, वरबाप, करवल्या, म्हातारीकोतारी आणि कडेवरची पोरं नावेत बसली. हलगीवाले आणि बाकीची मंडळी दुसऱ्या खेपेसाठी काठावर गिरजेपाशी थांबली. तुळाजीने नाव हाकारली.

नाव थोडी पुढे गेली असेल नसेल, तोच वरच्या अंगाने एक प्रचंड ओंडका पाण्यावर गरगरत आला. कुठल्यातरी डोंगरावरून कोसळलेलं झाडच ते.

"धरा! घट्ट धरा!" तुळाजी ओरडला.

ओंडका जाड दोरावर आदळला. कडाड! दोर तुटला, नाव एकदम फिरली आणि धारेला लागली. खाली थोड्याच अंतरावर खडकांतून पाणी उसळत होतं. तिथे गेलेली नाव परत आली नव्हती. करवल्या किंचाळल्या. नवरदेवाने मुंडावळ्यांसकट नावेची कड धरली. वल्ही पाण्यात टिकेनात.

आणि तुळाजीने बघितलं, तर अस्वल्या नावेच्या टोकावर उभा होता. बारीक दोराचं टोक त्याने आधीच तोंडात धरलं होतं.

"जा, अस्वल्या! जा!"

धप्प! अस्वल्या पाण्यात. दोराचं वेटोळं सरसर उलगडायला लागलं. डोकं वर, पाय झपाझप, आणि मागे पाण्याची रेघ! पण उसळत्या पाण्यात त्याला काठ दिसेना. तो भलतीकडेच वळायला लागला.

काठावर गिरजा कमरेइतक्या पाण्यात शिरली होती. "हलगी वाजवा!" ती मागे वळून ओरडली. "जोरात वाजवा, त्याला ऐकू जाऊ दे!"

हलग्या कडाडल्या. नुकत्याच साफ झालेल्या कानांत तो आवाज शिरला, आणि अस्वल्याने मान वळवली. आला! सरळ आला! धार त्याला खाली ओढत होती, तो वर येत होता. पुन्हा ओढायची, पुन्हा यायचा. आता त्याच्या अंगावर पाणी साठत नव्हतं, निथळून जात होतं. नावेतली म्हातारी माणसंसुद्धा उठून ओरडायला लागली, "ये, अस्वल्या, ये!"

गिरजेच्या हातात दोर आला. तिने तो खुंट्याला गुंडाळला, आणि काठावरचं सगळं वऱ्हाड दोराला भिडलं. हलगीवाल्यांनी हलग्या टाकल्या, बायकांनी पदर खोचले. "हो होऽ! ओढा!" दोर ताणून वाजायला लागला. नाव खडकांच्या तोंडाशी थरथरत थांबली. मग इंचाइंचाने मागे यायला लागली. आणि घाटाला टेकली!

काय गलका झाला म्हणून सांगू! कुणी रडतंय, कुणी हसतंय, कुणी अस्वल्याच्या गळ्यात पडतंय. वरबाप नावेतून उतरला तो सरळ तुळाजीपुढे येऊन उभा राहिला. त्याचा फेटा नदीत गेला होता.

"नावाडी," तो म्हणाला, "माझं घरदार त्या नावेत होतं. सकाळी मी जे बोललो..."

"जाऊ द्या मालक. त्याच्या न्हाण्यावरून मीही असंच बोललो होतो," तुळाजी म्हणाला. "वरच्या अंगाला लांबवर उथळ उतार आहे. वळसा मोठा पडतो, पण पायी पलीकडे जाता येतं. मुहूर्त अजून गाठाल."

वऱ्हाडाने मुहूर्त गाठला. अस्वल्या लग्नाला गेला नाही. तो गिरजेच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता, आणि ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती. बोटं कुठेच अडकत नव्हती.

महिन्याने हिराक्का बाजारात आली. न्हाणीघराचं दार उघडलं, तर उंबऱ्याशी तुळाजी आणि अस्वल्या हजर. हिराक्काने अस्वल्याच्या अंगावरून हात फिरवला. कानामागे बघितलं, पोटाखाली बघितलं.

"अरे, याचे केस तर छान मोकळे आहेत. एकही गाठ नाही. मग आणलंस कशाला?"

तुळाजी हसला. "म्हणूनच आणलंय, आक्का. गुंतायच्या आधी."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: जो मुका जीव आपल्यासाठी राबतो, त्याची निगा जाणत्या हातांनी ठेवावी. त्या हातांना द्यावे लागलेले पैसे आपल्याला दिसतात, पण त्यांनी टाळलेलं दुखणं आपल्याला दिसत नाही.